फाटकांची नगरी आणि संगणकांचे जाळे

काशीक्षेत्री पंचगंगा घाटावरून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे चालू लागले म्हणजे प्रथम दुर्गा घाट आणि त्याला लागूनच ब्रह्मा घाट लागतो. पेशवाईच्या काळात नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव या घाटांच्या उभारणीशी जोडले गेले, आणि तेव्हापासून या भागात मराठी कुटुंबांची वस्ती झाली. आजही तेथे मराठी बोलणे कानी पडते आणि भाद्रपदात गणेशोत्सव होतो. घाटाच्या पायऱ्या चढून वर गेले की गल्ल्यांचे जाळे सुरू होते. समोरून एखादा नंदी आला तर माणसाला भिंतीला पाठ टेकून उभे राहावे लागते, इतक्या त्या गल्ल्या अरुंद आहेत. एक गल्ली दुसरीला मिळते, दुसरी तिसरीला. आणि असे करीत करीत ब्रह्मा घाटावरून निघालेला मनुष्य चौकात, तेथून पुढे सबंध नगरात कोठेही पोहोचू शकतो.

मग अशा नगराची रखवाली होत असे तरी कशी? एकच थोर तट आणि त्याला एकच वेस, असा काशीचा प्रकार नव्हता. येथे रखवाली मोहल्ल्यामोहल्ल्याने होई. गल्लीच्या तोंडाशी फाटक असे. दिवसा ते उघडे राही आणि रात्री बंद होई. फाटकाशी चौकीदार असे आणि त्याचा खर्च मोहल्ल्यातील रहिवासी उचलीत. या व्यवस्थेला फाटकबंदी म्हणत. ती फाटके आता राहिली नाहीत. परंतु फाटक रंगीलदास, फाटक शेख सलीम ही मोहल्ल्यांची नावे काशीत अजूनही चालतात. चोर एका मोहल्ल्यात शिरला तरी त्याला शेजारच्या मोहल्ल्यात जाताना पुन्हा फाटक लागे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. या पुस्तिकेचा विषय संगणकांच्या जाळ्याचे रक्षण करणारी ‘फायरवॉल’ हा आहे. आणि तिचे मर्म समजण्यास काशीच्या या फाटकांइतके चांगले साधन मला दुसरे दिसत नाही.

प्रथम शब्दाविषयी. फायरवॉल या शब्दाचे ‘अग्निभिंत’ असे भाषांतर पुष्कळ ठिकाणी आढळते. ते वाचून आगीची भिंत उभी केली आहे आणि जवळ येईल तो भस्म होतो, असे चित्र विद्यार्थ्यांच्या मनात उभे राहते. मूळ अर्थ अगदी निराळा आहे. एकमेकांना खेटून बांधलेल्या दोन घरांमध्ये, एका घराची आग दुसऱ्या घरास लागू नये म्हणून जी दगडाविटांची जाड भिंत बांधतात, ती फायरवॉल. मोटारीत इंजिन आणि माणसांची बैठक यांच्यामध्ये जो लोखंडी पडदा असतो त्यालाही हेच नाव आहे. म्हणजे ती गावाभोवतीची तटबंदी नव्हे. दोन घरांमधली आड आहे. संगणकशास्त्राने हा शब्द उचलला खरा, परंतु दीर्घकाळ तिचा उपयोग तटबंदीसारखाच केला, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. ती हकीकत ओघाने येईलच. तूर्त मी ‘फायरवॉल’ हाच शब्द ठेवतो आणि जेथे समजावयाचे असेल तेथे ‘फाटक’ म्हणतो.

आता या फाटकातून जाते तरी काय, ते पाहू. एका संगणकाने दुसऱ्यास छायाचित्र पाठविले, तर ते अखंड तुकड्याच्या रूपाने जात नाही. त्याचे लहान लहान भाग होतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र प्रवास करतो. अशा एका भागाला पॅकेट म्हणतात. आपल्याकडे टपालातल्या पत्राच्या वेष्टनाला ‘पाकीट’ म्हणतात, आणि येथे तोच शब्द चपखल बसतो. सर्वसाधारण जाळ्यावर एक पाकीट सुमारे दीड हजार अक्षरमात्रांचे, म्हणजे बाइटांचे, असते. त्यामुळे तीस लाख बाइटांच्या छायाचित्राची सुमारे दोन हजार पाकिटे होतात. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो आणि घेणाऱ्याचाही. हा पत्ता म्हणजे ० ते २५५ यांमधील चार संख्या. अलीकडे याहून लांब पत्तेही वापरात आले आहेत, तत्त्व तेच.

पत्त्याखेरीज पाकिटावर आणखी एक आकडा असतो, आणि फाटकाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. संगणकाला घर मानले, तर या घराला क्रमांक घातलेली ६५,५३६ दारे आहेत असे समजावे. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. (येथे पोर्ट म्हणजे बंदर नव्हे, दार, हा खुलासा करण्याचे कारण पुढे एका खऱ्या बंदराची गोष्ट येणार आहे.) टपालाची देवघेव करणारी यंत्रे पंचविसाव्या दारावर भेटतात. संकेतस्थळाची पाने मोहोरबंद रूपाने ४४३ क्रमांकाच्या दाराने येतात. एकाच कचेरीतील संगणक परस्परांच्या फायली उघडतात त्या बहुधा ४४५ क्रमांकाच्या दाराने. बहुतेक दारे बंदच असतात. ज्या दारामागे एखादा कार्यक्रम ऐकत बसलेला असतो तेवढेच उघडे. आणि ऐकणाऱ्या कार्यक्रमात काही दोष राहिला असेल तर तेच दार चोराच्या कामी येते.

फायरवॉलचे सर्वांत साधे रूप म्हणजे पाकिटावरचा मजकूर वाचणारा चौकीदार. त्याच्या हाती नियमांची यादी दिलेली असते. पाकीट आले की तो यादी वरून खाली वाचू लागतो, जो नियम प्रथम लागू पडेल त्याप्रमाणे पाकीट सोडतो किंवा टाकून देतो, आणि पुढचे नियम पाहतच नाही. म्हणून नियमांचा क्रम हीच खरी कसोटी आहे. समजा, एका शाळेने पहिला नियम लिहिला, ‘आतून निघालेले प्रत्येक पाकीट जाऊ द्यावे’; आणि दुसरा लिहिला, ‘विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतून कार्यालयाकडे जाणारे पाकीट अडवावे’. दुसरा नियम कागदावर शोभून दिसतो. परंतु चौकीदार तेथवर कधी पोहोचतच नाही, कारण प्रयोगशाळेतील पाकीटही आतूनच निघालेले असते. क्रम उलटा केला की नियम जिवंत होतो. यादीच्या अगदी तळाशी एक नियम सदैव असावा: वर ज्याचे नाव नाही ते सर्व अडवावे. नको त्यांची नावे लिहू गेल्यास यादीस अंत नाही. हवे त्यांची नावे मात्र मोजकी असतात.

अशा साध्या चौकीदाराची एक अडचण होते. आतल्या विद्यार्थ्याने बाहेरच्या एखाद्या ग्रंथालयाकडे पान मागितले, तर उत्तर बाहेरून येणार. बाहेरून येणारे सर्व अडवावे तर उत्तरही अडते; सर्व सोडावे तर रखवालीला अर्थ उरत नाही. यावर तोड निघाली ती वहीची. आतून कोणी कोणाकडे, कोणत्या दाराने, पाकीट पाठविले ते चौकीदार वहीत टिपून ठेवतो. बाहेरून येणारे पाकीट त्या नोंदीचे उत्तर असेल तर सोडतो, नसेल तर अडवितो, आणि संभाषण संपले की नोंद खोडतो. १९९४ च्या सुमारास इस्राएलमधील चेक पॉइंट या कंपनीने अशी वही ठेवणारी फायरवॉल बाजारात आणली, आणि आज घरोघरच्या राउटरमध्येही ही वही असते. आपण तिच्याकडे कधी पाहत नाही इतकेच.

याहून कडक प्रकार वाड्याच्या देवडीसारखा आहे. पाहुणा सरळ चौकात जात नाही. देवडीवरचा कारकून त्याचे म्हणणे ऐकून घेतो, स्वतः आत जाऊन सांगतो आणि उत्तर स्वतःच बाहेर आणतो. आतला व बाहेरचा यांची गाठ पडत नाही. याला प्रतिनिधी, म्हणजे प्रॉक्सी, म्हणतात. यात पाकिटाच्या आतला मजकूरही तपासता येतो. परंतु आजकालची बहुतेक पाकिटे मोहोरबंद असतात आणि मोहोर फोडण्याची किल्ली केवळ दोन टोकांपाशी असते, त्यामुळे कारकुनाचे काम पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे. वाचकाच्या गुप्ततेसाठी ते इष्टच म्हणावयाचे.

हे सर्व सुचण्यास एक धक्का कारणीभूत झाला. आरंभीच्या जाळ्यात विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या, आणि तेथे सर्वांची दारे सर्वांना उघडी असत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने स्वतःच्या प्रती काढीत एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारा एक कार्यक्रम सोडला. त्या वेळी जाळ्यावर सुमारे साठ हजार यंत्रे होती. त्यांपैकी अंदाजे सहा हजार या ‘किड्या’ने ग्रासली, आणि अनेक संस्थांनी घाबरून आपली जोडणीच तोडून टाकली. फाटकांची कल्पना त्याआधीही चाचपली जात होती. या प्रसंगानंतर ती गरज ठरली. भारतात एर्नेट हे शैक्षणिक जाळे १९८६ साली आकारास येऊ लागले आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात अग्रभागी होते. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमाकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोपर्यंत फाटके जगभर बसू लागली होती.

परंतु ती बसली वेशीवर. बेल प्रयोगशाळेतील विल्यम चेस्विक यांनी १९९० सालीच दाखवून दिले होते, की बाहेरचे कवच टणक आणि आतला भाग मऊ अशी ही रचना आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर नारळ: करवंटी फुटेपर्यंतच कष्ट, मग खोबऱ्याला कोणतेच संरक्षण नाही. या म्हणण्याचा प्रत्यय महाराष्ट्राला २७ जून २०१७ रोजी आला.

मुंबईसमोर खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. त्या बंदरात वेगवेगळ्या संस्थांनी चालविलेले धक्के एकाच किनाऱ्यावर आहेत. त्यांपैकी गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहातील कंपनी आणि भारताचे कंटेनर महामंडळ यांच्या भागीदारीत चालत असे. त्या दिवशी तेथील संगणक बंद पडले. कंटेनर कोणाचा, कोठे ठेवावयाचा, कोणत्या गाडीवर चढवावयाचा, हे सर्व संगणकच सांगत असल्याने काम ठप्प झाले आणि जमेल तेवढे हाताने करण्याची पाळी आली. शेजारच्या धक्क्यांचे संगणक मात्र सुखरूप राहिले. एकच समुद्र, एकच रस्ता, तरीही एक धक्का जळाला आणि शेजारच्याला झळ लागली नाही. त्याच वेळी हजारो कोसांवरच्या रॉटरडॅम येथील धक्का मात्र न्हावा-शेव्याबरोबरच बंद पडला. संगणकांचा शेजार नकाशावरून ठरत नाही, तारांवरून ठरतो. न्हावा-शेव्याचा तो धक्का जाळ्याच्या दृष्टीने रायगड जिल्ह्यात नव्हताच. तो मर्स्कच्या मोहल्ल्यात होता.

आग लागली होती युक्रेनमध्ये. तेथे कर व हिशेब ठेवण्यासाठी एम.ई.डॉक नावाचा कार्यक्रम सर्रास वापरीत. त्याच्या सुधारित आवृत्त्या ज्या यंत्रांवरून जात तेथे हल्लेखोरांनी आधीच शिरकाव केला होता, आणि सुधारणेच्या वेष्टनातूनच ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक कार्यक्रम धाडला गेला. विचार करून पाहावे: वेशीवरच्या चौकीदाराने काय करावयास हवे होते? पाकीट ओळखीच्या पत्त्यावरून आले होते, ठरलेल्या दाराने आले होते आणि आतल्याने मागविले म्हणून आले होते. त्याच्या यादीप्रमाणे ते सोडणे हेच योग्य होते. चूक वेशीवर झाली नाही.

एकदा आत आल्यावर नॉटपेट्याने दोन मार्ग धरले. एक होता ४४५ क्रमांकाच्या दारामागील दोष. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच प्रसिद्ध केला होता, परंतु सर्वांनी तो लावलेला नव्हता. दुसरा मार्ग अधिक कपटी. यंत्राच्या स्मृतीत राहिलेले अधिकाऱ्यांचे परवलीचे शब्द तो उचली आणि ते दाखवून पुढच्या यंत्राचे दार राजरोस उघडवी. त्यामुळे इलाज केलेली यंत्रेही पडली. एका कचेरीतील यंत्राला दुसऱ्या खंडातील यंत्राच्या त्या दारापर्यंत जाण्यास वाटेत फाटक असे फारसे नव्हतेच. मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले, की चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्या सरकारांनी या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. रशियाने तो नाकारला.

या हकीकतीत एक उपकथा आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कोण कर्मचारी, कोणाला कोणता अधिकार, याची नोंदवही मर्स्कने जगभरच्या सुमारे दीडशे यंत्रांवर ठेवली होती. एक गेले तर दुसरे असावे, हा हेतू. सर्वच यंत्रे एकमेकांशी अखंड जोडलेली असल्याने सर्वच एकदम पुसली गेली. अपवाद एकाचा. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली लिहिलेल्या वृत्तांताप्रमाणे, आफ्रिकेतील घाना येथे हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती, आणि तेथील यंत्र जाळ्यापासून तुटलेले राहून वाचले. तेथील तार इतकी मंद होती की सर्व माहिती पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. आणि घानातील कर्मचाऱ्यांपाशी ब्रिटनमध्ये जाण्याची परवानगी नव्हती. तेव्हा एकाने नायजेरियाच्या विमानतळावर जाऊन ती हार्डडिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि दुसऱ्याने ती लंडनला नेली. भारनियमनाला शिव्या देण्याची आपल्याला सवय आहे. येथे मात्र गेलेल्या विजेने फाटकाचे काम केले. अर्थात, ते फाटक कोणी योजून बसविलेले नव्हते.

आपल्या शाळेत वा ग्रंथालयात काय पाहावे, हे आता सांगणे सोपे आहे. बहुतेक ठिकाणी इंटरनेटची तार एका राउटरपाशी येते आणि तेथून मुलांच्या प्रयोगशाळेचे, मुख्याध्यापकांच्या कार्यालयाचे आणि कधी कधी कॅमेऱ्यांचेही संगणक एकाच जोडपेटीला जोडलेले असतात. ग्रंथालयात वाचकांसाठी ठेवलेला संगणक आणि सभासदांची नोंदवही असलेला संगणक असेच शेजारी बसतात. राउटरमधील फायरवॉल चालू असते, आणि म्हणून सर्वजण निश्चिंत असतात. परंतु प्रयोगशाळेतून कार्यालयाकडे जाणारे पाकीट राउटरच्या फाटकापर्यंत जातच नाही. ते जोडपेटीतूनच परभारे पोहोचते. जे फाटकावरून जात नाही ते चौकीदार अडविणार कसे? नियम कितीही उत्तम लिहिले तरी येथे त्यांचा उपयोग नाही. आधी दोन वस्त्या निराळ्या कराव्या लागतात आणि त्यांच्यामधली एकुलती एक वाट फाटकातून न्यावी लागते. हे काम जाणकार तंत्रज्ञ बहुधा एका दिवसात करतो. प्रत्येक संगणकात स्वतःचीही लहानशी फायरवॉल असते. ती कोणी ‘अडचण होते’ म्हणून बंद करून ठेवली आहे काय, एवढे तर आजच पाहता येईल. गुणपत्रके, जन्मतारखा, वडिलांचे दूरध्वनी क्रमांक हे सर्व त्या कार्यालयाच्या संगणकात असते, आणि ते मुलांचे आहे.

विद्यार्थ्यांना हे समजावून देण्यास संगणक लागत नाही. कागद, लाल पेन्सिल आणि चाळीस मुलांचा वर्ग पुरतो. मुलांच्या दहा-दहांच्या चार ओळी कराव्यात. प्रत्येकास एक पत्ता द्यावा. वर्गाच्या दाराशी एका मुलास नियमांची यादी आणि वही देऊन बसवावे, आणि बाहेर उभ्या असलेल्या दोघातिघांनी पत्ता व दाराचा क्रमांक घातलेली पाकिटे आत पाठवीत राहावे. थोड्याच वेळात नियमांचा क्रम चुकला की काय होते, वहीत नोंद नसलेले उत्तर का परतवावे, हे मुलांना आपोआप कळते, आणि चौकीदाराशी वादही होतात. ते होऊ द्यावेत. मग शिक्षकांनी एका बिनचूक पाकिटात लाल खुणेची चिठ्ठी घालावी. नियम असा की, ज्याच्यापाशी लाल चिठ्ठी आहे त्याने प्रत्येक टाळीला ४४५ क्रमांक घालून तिची एक प्रत नव्या मुलास द्यावी. पाच टाळ्यांत बत्तीस मुले लाल होतात; सहाव्या टाळीला सबंध वर्ग.

दुसऱ्या फेरीत दोन ओळींच्या मध्ये एकेक चौकीदार उभा करावा. त्याने इतर पत्रे सोडावीत. ४४५ क्रमांकाचे पाकीट मात्र ओळीबाहेर जाऊ देऊ नये. चौथ्या टाळीला एक ओळ पूर्ण लाल होते, आणि पाचव्या व सहाव्या टाळीलाही लाल मुले दहाच राहतात. वेळ उरला तर तिसरी फेरी खेळावी. तीत लाल ओळीतील एका मुलाने चिठ्ठी खिशात घालून, पाणी पिण्यास जातो असे सांगून उठावे आणि परत येताना दुसऱ्या ओळीत जाऊन बसावे. चौकीदार पाकिटे तपासतो, खिसे तपासत नाही. पेनड्राइव्हविषयीचा पुढचा तास येथून सुरू करता येतो.